प्रत्यारोपणाची प्रतीक्षा : रुग्ण, घर आणि पेठ

व्यापाऱ्याच्या घरी मोठे दुखणे आले की त्याची वाच्यता प्रथम दारातच थांबविली जाते. शेटजींची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत ही वार्ता पेठेत फुटली तर बेळगाव-हुबळीचे घाऊक व्यापारी उधारीची मुदत आखडती घेतील, बँकेचा अधिकारी चौकशीस येईल, घरात विवाहयोग्य कन्या असेल तर सोयरिकीची बोलणी अडतील, अशी अनेक भये एकदम उभी राहतात. मग ‘शेट गावी गेले आहेत’, ‘पित्ताचा त्रास आहे’ असे सांगण्यास नोकरांना शिकविले जाते. आणि ज्या वेळी माणसांची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच वेळी ते घर पेठेपासून तुटते. आमचे थोरले मावसभाऊ डिचोलीच्या पेठेत कापडाचे दुकान चालवीत. त्यांच्या घरीही प्रथम हेच झाले. आठ महिने आम्हां नातलगांनादेखील नीट काही कळले नव्हते. पुढे त्यांच्या प्रतीक्षेची साडेतीन वर्षे जवळून पाहावयास मिळाली, त्या आधारावर आणि डॉक्टर मंडळींस विचारून जे समजले त्यावरून हा लेख लिहीत आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांस, विशेषतः पेडणे-डिचोलीकडील कुटुंबांस, त्याचा काही उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह व रक्तदाब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते गोव्यात : प्रौढांमध्ये शेकडा २६.४. म्हणजे गल्ल्यावर बसणाऱ्या दर चार माणसांमागे एक. त्या सर्वांची मूत्रपिंडे बिघडतात असे मुळीच नाही. परंतु ज्यांची बिघडतात त्यांस ते उशिरा कळते, कारण हे इंद्रिय निम्म्याहून अधिक नष्ट होईपर्यंत तक्रार करीत नाही. शेवटच्या पायरीवर दोनच मार्ग उरतात. एक डायलिसिस, म्हणजे यंत्राच्या अथवा पोटातील पडद्याच्या साहाय्याने रक्त शुद्ध करणे, दुसरा प्रत्यारोपण. पहिला मार्ग रुग्णास जगवितो. दुसरा साधला तर त्यास बहुतांशी पूर्वीचे आयुष्य परत देतो. या दोहोंमधला काळ म्हणजेच प्रतीक्षा. यकृत व हृदय यांच्या रुग्णांची स्थिती याहून बिकट असते, कारण त्यांस डायलिसिससारखा दीर्घकाळचा आधार नसतो. येथे मुख्यत्वे मूत्रपिंडाविषयीच लिहिले आहे, कारण अवयवाची वाट पाहणाऱ्यांत तेच रुग्ण सर्वाधिक असतात.

ही विद्या जुनी नव्हे. बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले, ते पहिले यश. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली हे साधले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हृदय बदलण्याचे धाडस केले होते. रुग्ण वाचला नाही, कारण परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून लागणारी प्रभावी औषधे त्या काळी हाती नव्हती. आज ती आहेत. गोव्यापुरते बोलावयाचे तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाची सोय आहे; यकृत वा हृदयासाठी आपल्याकडील रुग्ण मुंबई, पुणे, बेळगाव, बेंगळुरू येथे जात आले आहेत.

मूत्रपिंड मिळते ते जिवंत नातलगाकडून किंवा मृत दात्याकडून. पैकी पहिल्या मार्गाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला व ४ फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला. तो आरंभी ज्या तीन राज्यांना लागू होता त्यांत महाराष्ट्र व हिमाचल प्रदेशाबरोबर गोव्याचे नाव कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे. या कायद्याने पती, पत्नी, माता, पिता, बहीण, भाऊ, पुत्र व कन्या हे निकटचे नातलग मानले. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली. यांच्याबाहेरील कोणी केवळ स्नेहापोटी देऊ इच्छीत असेल तर प्राधिकार समितीची मंजुरी लागते. नात्यातील दात्याचा रक्तगट जुळत नसेल आणि दुसऱ्या एखाद्या घरचीही तीच अडचण असेल, तर दोन्ही घरांनी परस्परांच्या रुग्णांस मूत्रपिंड देण्याची अदलाबदलही त्याच दुरुस्तीने मान्य केली आहे.

आता घरातील बैठकीत काय होते ते पाहावे. वडीलधारी मंडळी जमतात, एकेका नावाचा विचार होतो. भाऊ म्हणतो, माझा धंदा आहे. मुलगा म्हणतो, माझे वय लहान. आणि कोणी काही न बोलताही सर्वांच्या नजरा एका बाजूस वळतात. जिथे घरची सून वा पत्नी बसलेली असते ती ही बाजू. आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आणि अवयव घेणाऱ्यांत पुरुषांची, हे वैद्यकीय नोंदींवरून उघड आहे. पत्नीने प्रेमाने दिले तर त्याहून मोठे दान कोणते? परंतु नाही म्हणण्याची मोकळीक नसेल तर त्यास दान म्हणता येणार नाही. कायद्यासही हे ठाऊक आहे. २०१४ च्या नियमांत दाता स्त्री असल्यास तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळण्याची तरतूद आहे. माझी विनंती एवढीच की, ही बैठक घराने करू नये. जो देऊ इच्छितो त्याने एकट्याने जाऊन डॉक्टरांशी बोलावे, आणि तपासणीअंती ‘जुळत नाही’ असे उत्तर आले तर ते का जुळले नाही हे घरात कोणी विचारू नये.

दुसरा एक मोह आपल्यासारख्या व्यापारी वर्गास अधिक होतो, तो म्हणजे पैसे देऊन सोय होईल का हे पाहण्याचा. मध्यस्थ भेटतात, कागदावर नाते जुळवून देऊ म्हणतात. हा गुन्हा आहे. अवयवाच्या खरेदी-विक्रीस ५ ते १० वर्षे कारावास व २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा २०११ च्या दुरुस्तीने ठेवली आहे, व ती घेणारा, देणारा, मध्यस्थ या सर्वांस आहे. जो गरीब मनुष्य मूत्रपिंड विकतो त्याचे कर्ज फिटत नाही, प्रकृती मात्र जाते. हिंसेपासून दूर राहू इच्छिणाऱ्या समाजात या गोष्टीची चर्चासुद्धा गल्ल्यामागे होऊ नये.

मृत दात्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. आपल्या समाजात नेत्रदान बरेच रुळले आहे, म्हणून लोकांस वाटते की मूत्रपिंडही तसेच घरी मृत्यू झाल्यावर देता येते. तसे नाही. डोळ्यांचे बुबुळ मृत्यूनंतर काही तासांपर्यंत घेता येते. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे बहुधा मस्तिष्कस्तंभ मृत झालेल्या व कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णाकडूनच घेतले जातात. हा मृत्यू चार डॉक्टरांचे मंडळ ठरविते आणि किमान ६ तासांच्या अंतराने तपासणी दोन वेळा करावी लागते. त्यानंतरच नातलगांस विचारले जाते. संपूर्ण देशात २०२३ साली असे दाते १,०९९ झाले; एका वर्षात हजारावर संख्या जाण्याची ती पहिलीच वेळ. एवढ्या विशाल देशात एवढेच, म्हणून प्रतीक्षा वर्षांची होते.

नावनोंदणी रुग्णाने स्वतः कोठे पत्र पाठवून होत नाही. ज्या मान्यताप्राप्त रुग्णालयात प्रत्यारोपण करावयाचे तेच ती करते. गोव्यासाठी राज्य संघटना, सोट्टो, बांबोळीस वैद्यकीय महाविद्यालयात आहे. पश्चिम विभागाची रोट्टो मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात, आणि राष्ट्रीय संघटना नोट्टो दिल्लीस. तिचा निःशुल्क दूरध्वनी १८००-११४-७७० हा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने रहिवासाची अट काढून टाकली, वयाची ६५ वर्षांची मर्यादा उठविली व नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये असे राज्यांस सांगितले. तेव्हा पेडण्याच्या रुग्णास मुंबईत वा बेळगावात नाव नोंदविण्यास आता रहिवासाचा अडसर नाही. मात्र जेथे रात्री-अपरात्री पोहोचता येईल आणि पुढे आयुष्यभर तपासणीस जाता येईल असेच ठिकाण निवडावे. आमच्या बंधूंनी मुंबई निवडली, कारण धाकटा मुलगा तेथे नोकरीस होता. ती निवड बरोबर ठरली.

ही यादी रेशनच्या दुकानासमोरील रांगेसारखी नाही, हे घरच्यांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. आज माझ्यापुढे नऊ जण आहेत, म्हणजे नऊ जणांनंतर माझा क्रम, असे गणित येथे चालत नाही. रक्तगट पाहिला जातो. डायलिसिसवर किती महिने झाले याचे गुण मिळतात. बालकांस अधिक गुण. ज्यांच्या हातांवरील डायलिसिसच्या नसांची सर्व ठिकाणे निकामी झाली त्यांस अधिक. ज्याने पूर्वी स्वतःचे मूत्रपिंड दुसऱ्यास दिले व आता त्यालाच गरज पडली त्यास तर बरेच अधिक. म्हणून पाठीमागून आलेल्याचे नाव पुढे गेले तर ‘वशिला लागला’ असा निष्कर्ष काढून मन कडू करून घेऊ नये. बंधूंच्या घरी एक सबंध दिवाळी या कडवटपणात गेली.

आता प्रतीक्षा निभावयाची कशी ते पाहू. ज्या रात्री दूरध्वनी येईल त्या रात्री रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य स्थितीत असला पाहिजे. ताप असेल, दाताच्या मुळाशी पू असेल, छातीत पाणी साठले असेल, तर ते मूत्रपिंड दुसऱ्यास जाते. तेव्हा दात आधीच तपासून घ्यावेत, काविळीची लस पूर्ण करावी, हृदयाच्या तपासण्या जुन्या होऊ देऊ नयेत, रुग्णालयाने मागितलेला रक्ताचा नमुना ठरल्या तारखेस पोहोचवावा. रक्त कमी झाले म्हणून नातलगांनी आग्रह धरून बाटली चढवावयास लावू नये. परक्या रक्तामुळे शरीरात अशी प्रतिद्रव्ये तयार होतात की पुढे दात्याचे मूत्रपिंड जुळणेच दुर्घट होते. रक्तवाढीसाठी इंजेक्शने असतात. निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांनी घ्यावा. ज्या हातावर डायलिसिससाठी नस जोडलेली असते, जिला रुग्ण फिस्ट्युला म्हणतात, त्या हाताने कापडाचा तागा वा साखरेचे पोते उचलू नये, त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, त्या कुशीवर झोपू नये. रोज सकाळी त्या नसेवर बोट ठेवून थरथर लागते की नाही हे पाहावे. न लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आहाराचा भाग आपल्या घरांत विशेष कठीण आहे आणि चुकाही बहुधा प्रेमापोटीच होतात. आजाऱ्यास भेटावयास जाताना शहाळे न्यावे, ज्यास येथे अडसर म्हणतात, हा आपला शिष्टाचार. पण डायलिसिसच्या रुग्णास ते शहाळे प्राणघातक ठरू शकते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची शक्ती गेलेली. रक्तात ते वाढले तर हृदय थांबते. केळी, सुकामेवा, टोमॅटोचे सार यांचीही तीच कथा. भाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावे. गोव्यातील परसांत दोन झाडे अशी आहेत की त्यांविषयी ताकीदच द्यावी लागेल. एक करंबळ, ज्यास कोंकणीत करमल म्हणतात. त्याचे लोणचे, कोशिंबीर घरोघर होते. त्यातील एक द्रव्य निकामी मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाही व मेंदूवर विषासारखे चढते : न थांबणारी उचकी, भ्रम, झटके. दुसरे बिंबल, त्याचा रस औषध म्हणून पिणाऱ्यांची धडधाकट मूत्रपिंडेही बिघडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. सैंधव हेही मीठच आहे, आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ तर या रुग्णास अधिक वाईट, कारण त्यात पोटॅशियम घातलेले असते. ही गोष्ट आपल्यातील किराणा व्यापाऱ्यांनी गिऱ्हाईकास सांगावी. पुड्यावरील बारीक अक्षरे वाचणार कोण?

पाणी मोजून प्यावयाचे असते. उकळलेले पाणी पिण्याची आपल्या घरांतील चाल येथे उपयोगी पडते : सकाळी दिवसाचे पाणी उकळून एका मापाच्या बाटलीत भरून ठेवावे, चहा-ताक-वरण सर्व त्या हिशेबात धरावे. आणि तहान लागू नये यासाठी पापड, लोणचे, खाकरा, फरसाण ही मंडळी ताटातून उठवावी. रुग्णाच्याच नव्हे, घरच्या सर्वांच्या ताटातून, निदान त्याच्यासमोर.

पर्युषणात व दशलक्षण पर्वात प्रश्न येतो तो उपवासाचा. आमच्या बंधूंनी पहिल्या वर्षी कोणास न विचारता उपवास केला. इन्सुलिन चालू, पोटात अन्न नाही, आणि पारण्यास सुकामेवा. तिसऱ्या दिवशी त्यांस रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. तप करावयाचे नाही असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु प्रत्याख्यानात आगार ठेवण्याची सोय शास्त्राने आजाऱ्यांसाठीच केली आहे, आणि आजाऱ्याची सेवा, वैयावृत्त्य, ही तर आभ्यंतर तपांतच मोजली आहे. त्याहून पुढची एक गोष्ट प्रतीक्षेच्या काळातच निकालात काढावी. प्रत्यारोपणानंतर अवयव झिडकारला जाऊ नये म्हणून घ्यावयाच्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या बहुधा बारा तासांच्या अंतराने, दिवसातून दोन वेळा, जन्मभर घ्याव्या लागतात. एक वेळ चुकणेही धोक्याचे. आता हिशेब पाहावा : मार्गशीर्ष-पौषात गोव्यात दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे सूर्योदयानंतर पहिली गोळी आणि सूर्यास्तापूर्वी दुसरी हे त्या दिवसांत बसतच नाही. एक गोळी अंधारात पडणारच. दिवसातून एकदाच घ्यावयाचा प्रकारही मिळतो, पण तो चालेल की नाही हे डॉक्टर ठरवितील. ज्यांना चौविहाराचा नियम आहे त्यांनी हे आधी डॉक्टरांस सांगावे आणि आपल्या गुरुमहाराजांसही विचारून ठेवावे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या खाटेपाशी हा वाद उभा राहिलेला मी पाहिला आहे. ती वेळ त्यासाठी नव्हती.

येथवर झाले ते घराचे काम. पेठेचे काम निराळे. डायलिसिस आठवड्यातून बहुधा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. जाणे-येणे व त्यानंतरचा थकवा धरता दिवस संपलाच. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी मिळाली तर डिचोलीचा बुधवारचा बाजार गेला, म्हापशाचा शुक्रवारचा गेला. धंद्याचे दोन चांगले दिवस दर आठवड्यास बुडाले. बंधूंनी हे सांगितल्यावर मंगळवार-गुरुवार-शनिवारची पाळी मागून घेण्यात आली व चार महिन्यांनी ती मिळालीही. परंतु त्यासाठी प्रथम बोलावे लागले. आणि बोलण्याचा धीर त्यांस आला तो शेजारच्या भांड्यांच्या दुकानदारांमुळे. ते एके दिवशी आत येऊन सरळ म्हणाले, “शेट, तुम्ही हातावर पट्टी बांधून येता ते मला दिसते. शनिवारी माझा मुलगा रिकामा असतो, तो तुमच्या गल्ल्यावर बसेल. हिशेब वहिनींना देईल.” एवढेच. पैशांची मदत त्यांनी देऊ केली नाही, आणि बरे झाले; दिली असती तर दादांनी घेतलीच नसती.

मंडळाने करण्यासारखे मला जे वाटते ते यावरूनच सुचलेले आहे. घाऊक व्यापाऱ्यांची भीती खरी असते. पत ही व्यापाऱ्याची निम्मी पुंजी. तेव्हा सभासद आजारी आहे, प्रत्यारोपणाच्या यादीत आहे, त्याचे दुकान चालू राहील आणि येणे-देणे मंडळ पाहील, असे पत्र मंडळाच्या सहीने बेळगाव-कोल्हापूरच्या पेढ्यांस गेले तर लपविण्याचे कारणच उरत नाही. बंधूंसाठी दोन ज्येष्ठ सभासदांनी असे पत्र आपल्या नावाने दिले होते. एका पेढीने तरीही उधारी बंद केली. बाकीच्यांनी मुदत वाढविली. याशिवाय बँकेत दुसरी सही कोणाची, वस्तू व सेवा कराचे विवरण कोण भरणार, भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक कोणाच्या हाती, वखारीच्या किल्ल्या कोठे, हे सर्व कागदावर उतरवून घरच्या स्त्रीस समजावून सांगणे आवश्यक आहे. वहिनींस लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत दुकानाची खातेवही कोणी दाखविली नव्हती. तीन महिन्यांत त्या ती आमच्याहून चांगली वाचू लागल्या.

खर्चाविषयी थोडक्यात : गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची व मेडिक्लेम योजनेची चौकशी निदान होताच करावी, संकट आल्यावर नव्हे. डायलिसिसची सोय बांबोळीप्रमाणे म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातही आहे. डायलिसिस वा प्रत्यारोपणासाठी प्रवास करणाऱ्या रुग्णास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वे भाड्यात सवलत असते. तिचा नमुनापत्रक डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो.

आता त्या दूरध्वनीविषयी. मूत्रपिंड शरीराबाहेर साधारणपणे २४ ते ३६ तास टिकते, यकृत त्याच्या निम्म्याहून कमी, हृदय तर ४ ते ६ तासच. म्हणून बोलावणे आले की विचार करण्यास वेळ नसतो. रुग्णालयात तीन दूरध्वनी क्रमांक द्यावेत, त्यांपैकी एक घराबाहेरच्या माणसाचा. अनोळखी क्रमांक न उचलण्याची सवय मोडावी. पिशवी भरलेली असावी : कागद, तपासण्या, औषधांची यादी, शेवटचे डायलिसिस कधी झाले त्याची नोंद. बोलावणे येताच काही खाऊ नये. मार्ग मात्र दोन ठरवावेत. पेडणेकरांस आता मोपाचा विमानतळ जवळ आहे, तेथून जानेवारी २०२३ पासून वाहतूक चालू झाली. परंतु रात्री मुंबईस विमान असेलच असे नाही. रेल्वेवर विसंबावे तर ९ व १० जुलै २०२४ ला पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वेची वाहतूकच बंद पडली होती. बेळगावास नाव असेल तर चोर्ला घाटात पावसाळ्यात दरड कोसळते. तेव्हा गाडी, गाडी हाकणारा आणि रात्री उठविल्यास राग न येणारा असा एक तरी शेजारी आधीच ठरवून ठेवावा.

आणि बोलावणे म्हणजे मूत्रपिंड मिळाले असे नव्हे. एका मूत्रपिंडासाठी एकाहून अधिक रुग्णांस बोलाविण्याची प्रथा आहे, कारण दात्याच्या पेशी व रुग्णाचे रक्त यांची अखेरची जुळणी त्याच रात्री होते. ती न जुळली तर परत जावे लागते. हे आधी सांगितलेले असले तरी त्या रात्री कोणाच्या ध्यानात राहत नाही.

प्रतीक्षेतील मनुष्याच्या मनात एक विचार सतत असतो व तो कोणापाशी बोलला जात नाही. दादा एकदा मला म्हणाले, “पावसाळ्यात रस्त्यावर अपघात झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले की मी आधी ठिकाण पाहतो. मग स्वतःची लाज वाटते. कोणी तरी मरावे म्हणून मी वाट पाहतो आहे का?” मी त्या वेळी काही तरी वरवरचे बोललो. खरे उत्तर नंतर एका परिचारिकेने दिले : तो मनुष्य तुमच्यासाठी मरत नाही, तो गेलेलाच असतो, आणि त्याच्या घरचे लोक त्या दुःखातही एक गोष्ट करू इच्छितात, तुम्ही वाट पाहता ती त्यांच्या त्या होकाराची. हे ऐकल्यानंतर दादांनी, वहिनींनी व दोन्ही मुलांनी स्वतःच्या अवयवदानाची प्रतिज्ञापत्रे भरली. दादांच्या पत्रातील मूत्रपिंडाच्या रकान्यावर मुलगा हसला, तेव्हा दादाही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी.

पहिले बोलावणे आले ते आषाढात, रात्री साडेदहास. शेजारचे भांडेवाले व मी गाडीत होतो, मुसळधार पाऊस, पहाटे कोल्हापूरच्या पुढे चहासाठी थांबलो, दादांनी घेतला नाही. दुपारी मुंबईस पोहोचलो, रक्त काढून घेतले गेले, आणि सायंकाळी सांगण्यात आले की जुळणी दुसऱ्या रुग्णाशी झाली. तो दुसरा रुग्ण तेथेच बाकावर होता, वीस-बावीस वर्षांचा मुलगा, त्याची आई त्याच्याजवळ. दादांनी उठून त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला व काही तरी बोलले. काय ते मला ऐकू आले नाही. परतीच्या वाटेवर सावंतवाडी येईपर्यंत कोणी बोलले नाही. मग त्यांनी विचारले, “आज दुकान कोणी उघडले होते?” भांडेवाल्यांनी सांगितले, मुलाने, आणि वहिनी दुपारपासून स्वतः बसल्या होत्या, विक्री बरी झाली. “परकरांचे कापड संपत आले असेल,” दादा म्हणाले, “उद्या मागवावयास सांगा. परवा माझे डायलिसिस आहे.”

मूत्रपिंड मिळाले ते त्यानंतर चौदा महिन्यांनी, तिसऱ्या बोलावण्यास.